फणस तोडण्याआधी एक हंगाम थांबा

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, कार्यकारिणीचे सर्व सदस्य आणि आपल्या सोसायटीतले सर्व सभासद,

सस्नेह नमस्कार.

गेल्या रविवारच्या विशेष सभेत ए आणि बी विंगच्या मधला फणस तोडण्याचा ठराव झाला. मी त्या दिवशी नणंदेकडे पुण्याला गेले होते, त्यामुळे सभेला नव्हते. परत आल्यावर नोटीस बोर्डावर इतिवृत्त वाचलं. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून दोनदा वाचलं. ‘सदर झाड धोकादायक असल्याने ते काढण्याकरिता पालिकेकडे अर्ज करावा, असे बहुमताने ठरले.’ अर्ज अजून गेलेला नाही, असं सचिवांनी सांगितलं. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते खुलं ठेवलं आहे, कारण हा विषय एकट्या कार्यकारिणीचा नाही, या झाडाखालून रोज जाणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे.

ज्यांच्या गाडीचं नुकसान झालं त्या कुटुंबाविषयी आधी लिहिते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री वरच्या फांदीवरचा पिकलेला फणस त्यांच्या गाडीवर पडला. काच फुटली, बॉनेट चेपलं. सकाळी मी खाली उतरले तेव्हा गरे, बिया, चीक आणि काचेचा चुरा असा सगळा लगदा झाला होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. त्याच जागी सकाळी सातला शाळेच्या बसची वाट बघत मुलं उभी असतात. दहा-बारा किलोचा फणस कुणा लेकराच्या डोक्यात पडला असता तर काय झालं असतं, असं सभेत विचारलं गेलं. बरोबरच विचारलं. माझी नातही त्याच बसने जाते. हा प्रश्न मला टाळायचा नाही. त्याचं उत्तर मार्च महिन्यात आहे आणि दरवर्षी मार्चमध्ये आपण ते हातचं घालवतो, एवढंच मला सांगायचं आहे.

फणसाची फळं आंब्यासारखी डहाळीच्या टोकाला लागत नाहीत. ती बुंध्याला लागतात आणि जाड फांद्यांना लागतात. जुन्या झाडाला तर कधी कधी अगदी जमिनीलगतही लागतात. आपल्या झाडाला यंदा मी गॅलरीतून त्रेचाळीस मोजले. त्यातले सोळा-सतरा बुंध्याला, माणूस जमिनीवर उभा राहून काढू शकेल इतक्या खाली. ते पडले तरी कुणाला इजा होत नाही. धोका आहे तो वरच्या फांद्यांवरच्या फळांचा. आणि ती फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये नारळाएवढीही नसतात. कोकणात त्यांना कुयरी म्हणतात. तेव्हाच वरच्या सगळ्या कुयऱ्या उतरवल्या, तर जूनमध्ये डोक्यावर पडायला वर काही उरतच नाही. शिवाय खालच्या फणसांना जोर मिळतो आणि ते चांगले पोसतात. माझ्या माहेरी, देवरुखजवळ, दरवर्षी हेच करत. कुयरीची भाजी ही काही हौस नव्हती, झाडावरचा भार हलका करायची ती रीत होती.

आपल्याकडे काय होतं? मार्चमध्ये कुणी वर बघत नाही. मेमध्ये मुलं गावाला जातात. जूनमध्ये फणस पिकतो, फुटतो, पडतो, आणि मग आपण सफाई करणाऱ्या मावशींना हाक मारतो. पंचवीस वर्षं हे झाड आपल्याला खायला देतं आहे आणि पंचवीस वर्षं आपण ते झाडून कचऱ्याच्या डब्यात टाकतो आहोत.

यंदाच्या वटपौर्णिमेची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वाणात पाच फळं लागतात. आंबा, जांभळं, करवंदं, केळं आणि फणसाचा गरा. आपल्या विंगमधल्या दोघी-तिघींबरोबर मीही आदल्या संध्याकाळी जांभळी नाक्यावर गेले होते. वाणाच्या पुडीतला तो एकेक गरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, निस्तेज, सकाळपासून हाताळलेला. पैसे देऊन घेतला. रिक्षातून गेटपाशी उतरले तर पहिला वास आला तो आपल्याच फणसाचा. पिकून घमघमत होता, एका बाजूने खारींनी कोरला होता. मी पुडी हातात धरून तशीच उभी राहिले. त्या क्षणी मला जी लाज वाटली, तिच्यातूनच खरं तर हे पत्र आलं आहे.

इतिवृत्तात आणखी एक वाक्य आहे, ‘झाडाला कीड लागली असून काळी पडलेली छोटी फळे सतत गळतात.’ हे ज्यांनी सांगितलं त्यांचं निरीक्षण खरं आहे, अर्थ मात्र वेगळा आहे. फणसाच्या एकाच झाडावर नरफुलं आणि मादीफुलं वेगवेगळी येतात. अंगठ्याएवढी, गुळगुळीत, बोंडासारखी दिसतात ती नरफुलं. परागकण देऊन झाले की त्यांचं काम संपतं, ती काळी पडतात, त्यांच्यावर बुरशी येते आणि ती गळतात. फळ धरायचं असतं ते मादीफुलांना, आणि तीही एकटी-दुकटी नव्हे, शेकडो फुलं एकत्र जोडलेली. त्यातल्या ज्या फुलाचं फलन होतं त्याचा गरा होतो, ज्याचं होत नाही त्याची गऱ्यांच्या मधली चिवट पाती राहतात. म्हणजे एक फणस हे एक फळ नाही, शेकडो फळांचं एक बिऱ्हाड आहे. ज्यांना हे झाड आजारी वाटतं त्यांनी त्रेचाळीस फणसांकडे बघावं. आजारी झाड एवढा संसार करत नाही.

वडाच्या, पिंपळाच्या आणि उंबराच्या कुळातलं हे झाड. तसाच पांढरा चीक, तसंच दीर्घ आयुष्य. आणि मूळचं ते आपलंच, सह्याद्रीच्या घाटांतलं. गुलमोहर मादागास्करहून आला, रेन ट्री दक्षिण अमेरिकेतून आला. दोघांनी सावली दिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा इथला आहे. इंग्रजी ‘जॅकफ्रूट’ हा शब्दसुद्धा इथल्याच किनाऱ्यावरून गेला. मल्याळममध्ये फणसाला ‘चक्का’ म्हणतात, पोर्तुगीजांनी त्याचं ‘जाका’ केलं आणि इंग्रजांनी ‘जॅक’.

चक्का म्हटल्यावर आठवलं. ठराव वाचल्यावर मी दोन दिवस सोसायटीत जिना चढत-उतरत लोकांशी बोलले. तिसऱ्या मजल्यावरच्या केरळी ताईंनी सांगितलं की त्या दर उन्हाळ्यात गावाहून फणसाचे वेफर्स पार्सल मागवतात. केरळने २०१८ मध्ये फणसाला राज्याचं फळ जाहीर केलं, हेही त्यांनीच अभिमानाने सांगितलं. सी विंगमधल्या बंगाली काकू म्हणाल्या, कोवळ्या फणसाला त्यांच्याकडे ‘गाछपाठा’ म्हणतात, म्हणजे झाडावरचं बोकड, कारण मसाल्यात शिजवल्यावर ते मटणासारखं लागतं. त्या तो ऑनलाइन मागवतात, कापलेला, थर्माकोलच्या ट्रेमध्ये. आणि आपले रात्रपाळीचे वॉचमन भैया, जे मूळचे बिहारचे, ते हळूच म्हणाले की मॅडम, चैत्रात मला एक कटहल मिळाला असता तर मी अचार घातला असता, पण सोसायटीचं झाड, विचारायचं कुणाला. या झाडाला हात कुणी लावायचा हेच ठरलेलं नाही, म्हणून तो कुणीच लावत नाही आणि झाड मात्र वाईट ठरतं.

आता फणस खायचा कसा आणि वापरायचा कसा, ते लिहिते. इथे मी थोडी रेंगाळणार आहे. आपल्यातल्या तिशी-पस्तिशीच्या अनेकांनी अख्खा फणस कधी फोडलेलाच नाही, हे मला या दोन दिवसांत कळलं. सुरीला आणि चिकाला घाबरून लोक फणसापासून लांब राहतात.

फोडायच्या आधी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरायची. विळीच्या पात्याला आणि दोन्ही हातांना, कोपरापर्यंत, खोबरेल तेल चोळायचं. हात कोरडे ठेवले तर चीक दोन दिवस निघत नाही, साबणाला तो दाद देत नाही. फणस मधोमध कापला की पांढरा चीक भराभर वर येतो. तो लगेच कागदाच्या बोळ्याने टिपून घ्यायचा, दोन-तीनदा. मग मधला जाड दांडा लांबीत कापून काढायचा. तो निघाला की पकड सुटते आणि गरे बोटांनी अलगद बाहेर येतात. फणस दोन प्रकारचा, कापा आणि बरका. कापा असेल तर गरा कुरकुरीत, घट्ट, हातात धरून खाता येतो. बरका असेल तर गिळगिळीत, रसाळ, घशाखाली आपोआप उतरतो. बाहेरून बघून कापा की बरका हे सांगता येत नाही, आणि बी लावली तर झाड आईसारखंच निघेल याचीही खात्री नसते. आपला फणस बरका आहे. तो पडला की फुटून चिखल होतो, त्याचं कारण हेच. कापा असता तर कदाचित आपल्याला त्याचा एवढा राग आला नसता.

पण बरक्याचं मोल घरात कळतं. त्याचा रस चाळणीवर घोटून काढायचा, त्यात तांदळाची भाजलेली कणी, गूळ, ओलं खोबरं आणि चिमूटभर मीठ घालून वाफवायचं. त्याला सांदणं म्हणतात. वरून नारळाचं दूध. पिवळीधमक, लुसलुशीत सांदणं ताटात आली की माझे वडील बोलायचे थांबत. तोच रस तेलाचा हात लावलेल्या ताटात पातळ पसरून चार-पाच कडक उन्हं दाखवली की फणसपोळी होते, ती वर्षभर टिकते. आपल्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये जे ऊन पडतं त्यात ती तीन दिवसांत वाळेल. कापा फणस पिकायच्या आधी, गरा भरला पण गोड झाला नाही अशा वेळी, उभे काप करून खोबरेल तेलात तळतात. तळताना हळद-मिठाचं पाणी कढईत शिंपडायचं. जो तडतडाट होतो त्याला नवखा माणूस दचकतो, पण त्याशिवाय गऱ्यांना आतपर्यंत मीठ लागत नाही.

कुयरीची भाजी तर सोपी. साल काढून, खांडोळ्या करून, कुकरला दोन शिट्ट्या द्यायच्या आणि हाताने कुस्करायची. फोडणीत मोहरी, हिंग, सुकी मिरची. भिजवून उकडलेले काळे वाटाणे किंवा हरभरे घालायचे आणि वर मूठभर ओलं खोबरं. त्याला गूळ लागतो तो अगदी नखाएवढा.

आणि आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया. एका फणसात शंभराच्या वर सहज निघतात आणि आपण त्या सगळ्या फेकतो. धुऊन, मिठाच्या पाण्यात उकडून, वरचं पांढरं कागदासारखं साल काढून नुसत्या खाल्ल्या तरी पोट भरतं. कच्च्या मात्र खाऊ नयेत, त्या पचत नाहीत, शिजवल्या की तो दोष जातो. आमच्याकडे आठळ्यांना माती चोळून त्या कोपऱ्यात ढीग करून ठेवत. आषाढात भाजीबाजार बंद, रस्ता चिखलात, तेव्हा त्या बाहेर निघत. चुलीच्या निखाऱ्यात भाजलेल्या आठळीचा वास आणि बाहेर धो धो पाऊस, हे ज्याने अनुभवलं त्याला मी आणखी काय सांगू? सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालून केलेलं आठळ्यांचं कालवण मात्र मी देवरुखला नव्हे, इथे बाळकुमला शिकले.

ते ज्यांच्याकडून शिकले त्या आजींविषयी लिहायलाच हवं. आपली इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती बाळकुम गावातल्या एका आगरी कुटुंबाची भातशेती होती. त्या घरातल्या आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. परवा मी मुद्दाम त्यांना भेटायला गेले. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा फणस बांधावर होता आणि फळं देत होता, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे साठ वर्षं तर कुठे गेली नाहीत. भात लावणीच्या दिवसांत दुपारची भाकरी त्याच्याच सावलीत बसून खात. शेळ्यांना पाला तोडून घालत, पानं काडीने टाचून द्रोण करत, गरे काढून उरलेली सालं-पाती गुरांपुढे टाकत. त्यांच्या घरातला एक जुना पाट त्यांनी मला दाखवला, फणसाच्याच लाकडाचा. हळदीसारखं पिवळं असलेलं हे लाकूड वर्षांगणिक तांबूस तपकिरी होत जातं, वाळवी त्याला सहजासहजी धरत नाही. तंजावरची वीणा याच लाकडाची करतात. म्यानमार-थायलंडमध्ये बौद्ध भिक्षूंची चीवरं रंगवायला याच झाडाच्या गाभ्याचा पिवळा रंग वापरत आले. आजींना मी हे सांगितलं तर त्या फक्त मान हलवत राहिल्या. जमीन विकली तेव्हा फणस तोडू नका असं त्यांच्या घरच्यांनी बिल्डरला सांगितलं होतं आणि त्याने ते ऐकलं. आता तोडणार का, असं त्यांनी मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

श्रीलंकेत फणसाला ‘बत गस’ म्हणतात, म्हणजे भाताचं झाड. तिथे आर्थर डायस नावाच्या एका माणसाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला देशभर फणसाची रोपं लावण्याची मोहीम चालवली. त्याची आठवण आजही ‘कोस मामा’, म्हणजे फणसवाले मामा, या नावाने काढतात. १९५१ मध्ये तिथे कायदाच झाला की फणस विनापरवाना तोडायचा नाही. २०२२ मध्ये त्या देशाची अर्थव्यवस्था कोसळली, तांदूळ परवडेना झाला, तेव्हा परसातल्या त्या झाडांनी कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली. आपल्यावर तशी वेळ नाही आणि येऊही नये. तरी एका झाडाला भाताचा मान का देतात हे त्या लोकांना उगाच कळलेलं नाही.

आता कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा संरक्षण व जतन अधिनियम आहे. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावण्याची अट घातली. वय ठरवण्याचं काम पालिकेचं आहे, पण आजींचं म्हणणं खरं धरलं तर आपल्याला साठच्या वर झाडं लावावी लागतील. आपल्या आवारात साठ झाडं कुठे लावणार? फांद्या छाटायच्या तरी परवानगी लागते. फळं उतरवायला मात्र कुणाला विचारावं लागत नाही.

ठरावात लिहिलेलं नाही पण सभेनंतर बोललं गेलं, तेही मी इथे मांडते, कारण मनात ठेवून उपयोग नाही. झाड गेलं तर दोन गाड्यांची जागा होईल. होईल. पार्किंगची अडचण खरी आहे, माझ्या मुलाची गाडी आठ महिने बाहेर रस्त्यावर उभी होती. पण एप्रिलच्या दुपारी आवारात कुठे उभं राहावंसं वाटतं ते आठवा. कुरिअरवाला पोरगा, इस्त्रीवाले दादा, शाळेच्या बसमधून उतरलेली मुलं, सगळे त्या एकाच सावलीत येतात. घोडबंदर रोडवर गेल्या काही वर्षांत सावली किती आटली ते बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्याला विचारा. दोन गाड्यांसाठी आपण आपली शेवटची मोठी सावली देऊन टाकू नये.

माझी मागणी एवढीच आहे की अर्ज पुढच्या जूनपर्यंत थांबवावा. एक हंगाम. तेवढ्या काळात काय करायचं ते मी ठरवून आणि विचारपूस करून लिहिते आहे. येऊरच्या पाड्यावरून आपल्या गेटवर करवंदं घेऊन येणारे एक भाऊ झाडावर चढण्यात तरबेज आहेत. वर्षातून दोनदा यायला ते तयार आहेत. मार्चमध्ये वरच्या सगळ्या कुयऱ्या काढायला आणि मेच्या अखेरीस खालचे तयार फणस उतरवायला. कमरेला पट्टा आणि दोर बांधल्याशिवाय चढायचं नाही, ही अट मी घातली आहे आणि पट्टा सोसायटीने घ्यावा. मोठा फणस देठाला दोरी बांधून, मग देठ कापून, सावकाश खाली सोडायचा असतो. तो कधीही नुसता पाडायचा नसतो. इतिवृत्तात झाड तोडण्याचं जे अंदाजपत्रक जोडलं आहे, त्यात या माणसाची कितीतरी वर्षांची मजुरी भागेल.

त्यातूनही एखादी कुयरी पानांआड राहिलीच तर? त्यासाठी मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत झाडाखालच्या दोन जागा रिकाम्या ठेवाव्यात आणि वर नायलॉनची जाळी बांधावी. त्या दोन गाड्यांसाठी मी आणि समोरच्या फ्लॅटमधले भाऊ दोघेही आमच्या जागा पाळीपाळीने द्यायला तयार आहोत, तसं लेखी देते. मुलांनी बसची वाट गेटच्या आतल्या छपराखाली बघावी, हे तर उद्यापासून करता येईल. पिकत आलेला फणस ओळखायला मी शिकवीन. कच्चा थापटला तर भरीव आवाज येतो, तयार झाला की ढबढब वाजतो. काटे बोथट होऊन एकमेकांपासून दूर सरकतात, देठाजवळचं पान पिवळं पडतं. झाड आधी सांगतं आणि मगच फळ सोडतं. आपल्या सहावी-सातवीच्या मुलांना हे काम दिलं तर ती आपल्यापेक्षा नेमाने करतील.

आणखी एक. मागे पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा ते अगदी बुंध्याला टेकवले, वर सिमेंट ओतलं. दिल्लीच्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच आदेश दिला होता की झाडाभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवा. आपण ती मोकळी करून घेऊ. फणसाला मुळाशी तुंबलेलं पाणी अजिबात सोसत नाही आणि गेल्या पावसाळ्यात तिथे दोन-दोन दिवस पाणी साचत होतं. वारा-पावसात झाड खरंच कमकुवत होऊन पडायला नको असेल, तर आधी हे करायला हवं. पावसाळ्यापूर्वी पालिकेच्या उद्यान विभागाला बोलावून झाड तपासून घ्यावं. त्यांनी कुठली फांदी धोक्याची सांगितली तर ती रीतसर परवानगीने छाटावी, माझी हरकत नाही. आणि त्यांनी संपूर्ण झाडच पोखरलंय असं पाहून लेखी दिलं, तर मी स्वतः पुढच्या सभेत ठरावाच्या बाजूने हात वर करीन.

ज्यांच्या गाडीचं नुकसान झालं त्यांचा विम्यातून न मिळालेला खर्च सोसायटीने द्यावा, असंही मी सुचवते. झाड सोसायटीचं आहे आणि त्याची काळजी घेण्यात चुकलो आपण सगळे. मीसुद्धा. मला कुयरी कधी काढायची हे लहानपणापासून ठाऊक होतं आणि इतकी वर्षं मी खिडकीतून नुसती बघत राहिले. ही खंत मनात आहे.

झाडावर आज अजून सात फणस आहेत, सगळे बुंध्याला, हाताला येतील असे. पावसाचं पाणी लागून गरे थोडे पाणचट झाले असतील, तरी आठळ्या उत्तम निघतील. येत्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, पावसाने उघडीप दिली तर झाडाखाली आणि नाही दिली तर क्लबहाउसमध्ये, आपण ते फोडू. विळी आणि खोबरेल तेल मी आणते. येताना प्रत्येकाने एक डबा आणि जुनी वर्तमानपत्रं आणावीत. गाडीवाल्या ताई-दादांना मी घरी जाऊन आमंत्रण दिलं आहे. त्यांची मुलगी म्हणाली की तिने फणस अजून चाखलेलाच नाही. पहिला गरा तिला.

आपली,
बी विंगमधील एक सभासद
बाळकुम, ठाणे